ज्येष्ठांच्या मैफलीत एकटे ट्रंपेट

ट्रंपेट म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सर्वप्रथम उभी राहते ती लग्नाची वरात. गॅसबत्त्यांच्या उजेडात चमकणारी पितळी वाद्ये, सोनेरी झालरीचे डगले, घोड्यावर अवघडून बसलेला नवरदेव आणि या साऱ्या गलबल्यावर मात करीत निघालेला तो तार स्वर. रस्त्यावरचा गोंगाट भेदण्यासाठीच हे वाद्य जन्माला आले असावे, अशी त्याच्याविषयीची सर्वसाधारण समजूत. साहजिकच बँडची साथ नसताना, एकाच वादकाने, एखाद्या छोट्या सभागृहात किंवा देवळाच्या मंडपात चाळीस-पन्नास ज्येष्ठ नागरिकांसमोर ट्रंपेट वाजवायचे असे कोणी सुचवले, तर आयोजकांच्या कपाळाला आठी पडते. सत्तरी ओलांडलेल्या कानांना हे सोसेल काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र ‘नाही’ असे नाही. ट्रंपेट हळू वाजवता येते. शेजारच्याची कुजबुज ऐकू यावी इतके हळू वाजवता येते. आणि तसे वाजवले, तर म्हाताऱ्या कानाला ते पुष्कळ वाद्यांपेक्षा सोपे जाते. फक्त हळू वाजवणे हेच या वाद्यावरचे सर्वांत कठीण काम आहे, आणि वरातीत आयुष्य घालवलेल्या वादकाला ते मुद्दाम शिकावे लागते.

हा विषय कुरुळीसारख्या गावाच्या संदर्भात पाहिला की त्याची निकड लक्षात येते. पुणे-नाशिक महामार्गावर मोशीपुढे इंद्रायणी ओलांडून चाकणच्या दिशेने निघाले की वाटेत हे खेड तालुक्यातील गाव लागते. एका हाताला आळंदी, समोर चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार आणि भोवताली पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरत आलेला कारखान्यांचा पट्टा. या टापूतील ज्येष्ठांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग मूळच्या शेतकऱ्यांचा. त्यांच्या कानावर लहानपणापासून टाळ-मृदंग, हरिनाम सप्ताह आणि जत्रेतील शिंग-तुतारी यांचे संस्कार झालेले आहेत. दुसरा वर्ग कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांचा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पाठोपाठ टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने उभे राहिले. सातारा, सांगली, सोलापूर, नगर, मराठवाडा, खानदेश अशा कानाकोपऱ्यांतून तरुण माणसे त्या कारखान्यांत आली. त्यांपैकी कित्येक जण आज मुलांच्या घरी, मोशी-चिखली-चाकण परिसरातील नव्या इमारतींत राहतात. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, आणि दुपारभर घरात दूरचित्रवाणी संच आणि एक माणूस. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ आणि शहरातील विरंगुळा केंद्रे या माणसांना निदान दोन-तीन तास एकत्र बसवतात. तेथे आरोग्यविषयक व्याख्यान असते, भजन असते, वाढदिवस असतात. वाद्यवादन क्वचित असते, आणि असले तरी हार्मोनियम किंवा बासरीच्या पलीकडे सहसा जात नाही.

वास्तविक या दोन्ही वर्गांच्या आठवणीत ट्रंपेट खोलवर रुजलेले आहे. फक्त ते त्या नावाने रुजलेले नाही. लग्नाच्या बँडमध्ये मुख्य चाल धरणारे ते वाद्य, एवढीच त्याची ओळख. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात बँड, दरबार बँड ही नावे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली. उत्तर प्रदेशातील मीरत येथे १८८५ मध्ये सुरू झालेल्या नादिर अली आणि कंपनीपासून तेथील कारागिरांनी घडवलेली पितळी वाद्ये देशभरच्या बँडवाल्यांच्या हातात पोहोचली. ध्वनिवर्धक गावात येण्याआधी सिनेमातले नवे गाणे पुष्कळांनी प्रथम ऐकले ते बँडवाल्याच्या ट्रंपेटमधूनच. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतीय लग्नाच्या बँडवर २००५ मध्ये एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. बँडवाल्यांना समाजात मिळणारे दुय्यम स्थान आणि त्यांच्यावाचून न हलणारे मंगलकार्य, हा त्यातला विरोधाभास महाराष्ट्राच्या कोणत्याही गावात पडताळून पाहता येईल.

रेडिओवरून आलेले ट्रंपेट वेगळे होते आणि त्याचा उगम गोव्यात होता. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत असत. व्हायोलिन आणि पितळी वाद्ये त्यांच्या हाती लहानपणीच येत. पुढे पोटापाण्यासाठी हीच मुले मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत आणि तेथून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळली. हिंदी चित्रपटांच्या बहुतेक संगीतकारांना पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिता येत नसे. त्यांच्या चालींचे वाद्यमेळात रूपांतर करण्याचे काम या गोवेकर वादकांनी केले. त्यांतले ठळक नाव म्हणजे बार्देशातील हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, मृत्यू १९६७. सारी मुंबई त्यांना ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखत असे आणि ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत असे. दिवसा ध्वनिमुद्रण आणि रात्री ताजमहाल हॉटेल असा त्यांचा जीवनक्रम होता. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर यांनी, म्हणजेच सी. रामचंद्र यांनी, त्यांना साहाय्यक म्हणून जवळ केले आणि ‘अलबेला’मध्ये (१९५१) पितळी वाद्यांचा तो बेभान ठेका हिंदी गाण्यात आणला. त्या चित्रपटाच्या पडद्यावरही चिक आणि त्यांचे वादक दिसतात. पुढे १९६६ च्या ‘आखरी खत’मध्ये, खय्याम यांच्या संगीतात भूपिंदर यांनी गायिलेल्या क्लबमधील गाण्यात, चिक यांचे ट्रंपेट पुन्हा पडद्यावर येते. परंतु तेथे ते नाचवणारे नाही. ते गायकाच्या शेजारी बसून एखाद्या जुन्या मित्रासारखे बोलते. ज्येष्ठांसमोर एकट्याने ट्रंपेट कसे वाजवावे, याचा धडा हवा असेल तर तो ‘अलबेला’त नाही, या दुसऱ्या गाण्यात आहे.

असे का, हे समजण्यासाठी आधी वय झालेल्या कानात काय घडते ते पाहावे लागेल. वाढत्या वयाबरोबर येणारा बहिरेपणा सर्व स्वरांना सारखा लागू होत नाही. आधी जातात ते वरचे स्वर. साधारणपणे प्रतिसेकंद दोन हजार कंपनांच्या वरचा भाग हळूहळू धूसर होतो. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही व्यंजने त्याच भागात राहतात. म्हणूनच आजोबा म्हणतात की आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील लोकांपैकी २५ टक्क्यांहून अधिक जणांना दैनंदिन व्यवहारात अडचण यावी इतपत श्रवणदोष असतो. म्हणजे पन्नासांच्या सभेत असे बारा-तेरा श्रोते धरूनच चालावे.

आता ट्रंपेटकडे पाहू. त्याच्या नित्याच्या वापरातील मूळ स्वर साधारण १६५ पासून ९३० कंपनांपर्यंतचे. हा सारा भाग वयस्क कानात बऱ्यापैकी शाबूत असतो. शब्द कळत नसलेल्या माणसालाही चाल मात्र स्वच्छ कळते, कारण ट्रंपेटचा स्वर सरळ, भरीव आणि काठ स्पष्ट असलेला असतो. ही झाली जमेची बाजू. अडचण आहे ती मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उपस्वरांची. पितळी वाद्यांचा विशेष असा की जोराने फुंकल्यावर आवाज नुसता वाढत नाही, त्याची जातच बदलते. नळीतून धावणाऱ्या ध्वनिलहरीचा चढ अधिकाधिक उभा होत जातो आणि टोकाला तिचे छोट्याशा धक्कालहरीत रूपांतर होते. ट्रोंबोनच्या बाबतीत युरोपीय संशोधकांनी हे १९९६ मध्ये प्रयोगाने दाखवले. वरातीत छाती दणाणून सोडणारा पितळी कडकडाट तो हाच. जवळून मोजल्यास तो १०० डेसिबलच्या वर सहज जातो. तुलनेसाठी सांगायचे, तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे.

येथे म्हाताऱ्या कानाचे दुसरे दुखणे आड येते. कानातील नाजूक संवेदक पेशी कमी झाल्या की हळू आवाज ऐकू येत नाही. पण आवाज थोडा वाढवला की तो एकदम असह्य होतो. ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणणारी आजी दोनच क्षणांनी ‘ओरडतोस कशाला’ म्हणते, तो तिचा चिडखोरपणा नव्हे. ऐकू येणे आणि सोसवणे यांमधली पट्टी तिच्यासाठी अरुंद झालेली असते. ज्येष्ठांसमोर वाजवणाऱ्याला आपले सारे वादन त्या अरुंद पट्टीत बसवावे लागते. फार हळू गेला तर मागच्या रांगा हरवतात, फार चढला तर पुढच्या रांगेतले हात कानांवर जातात.

श्रवणयंत्रांची आणखी वेगळी तऱ्हा. ही यंत्रे मुळात बोलणे ऐकण्यासाठी बनवलेली असतात. मोठा आवाज ती दाबतात, लहान आवाज उचलतात, आणि त्यामुळे वादकाने कष्टाने साधलेला चढउतार सपाट होऊन जातो. त्याहून गमतीची गोष्ट अशी, की पुष्कळ यंत्रांत स्वतःची शिट्टी ओळखून ती दडपण्याची सोय असते. ट्रंपेटचा लांबवलेला सरळ स्वर म्हणजे आपलीच शिट्टी, असा त्या यंत्राचा समज होतो आणि ते त्या स्वराशी झगडू लागते. ऐकणाऱ्याला स्वर थरथरल्यासारखा किंवा दुहेरी झाल्यासारखा वाटतो. दोष वादकाच्या माथी जातो. अनेक यंत्रांत संगीतासाठी निराळी मांडणी असते, परंतु ती आपल्या यंत्रात आहे हेच कित्येकांना ठाऊक नसते. कार्यक्रमापूर्वी पाच मिनिटे कोणी याची चौकशी करून ती बदलून दिली, तर पुढचा तास सार्थकी लागतो.

हे सर्व ध्यानात घेऊन वादकाने काय करायचे? पहिला उपाय अगदी साधा आहे. ट्रंपेटचे तोंड श्रोत्यांवर रोखायचे नाही. या वाद्याचे वरचे उपस्वर टॉर्चच्या झोतासारखे समोर जातात. तोंड किंचित खाली किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवले की झोत बोथट होतो. दुसरा उपाय म्यूटचा. तोंडात बसवायच्या या बुचांचे अनेक प्रकार असतात. त्यांतील कप म्यूट आवाजाची धार मारतो, पण त्याचा गाभा ठेवतो. म्यूट लावला की स्वर किंचित सरकतो, तेव्हा जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते. तिसरा उपाय फ्लुगलहॉर्नचा. हे ट्रंपेटचेच भावंड. बोटे तीच, पट्टी तीच, पण नळी हळूहळू रुंदावत जाणारी असल्याने आवाज मऊ, किंचित धुरकट. जुनी भावगीते आणि अभंग त्याच्यावर विशेष खुलतात. परवडत असेल तर एकट्याच्या कार्यक्रमात ही दोन्ही वाद्ये असावीत. परंतु या उपायांपेक्षा महत्त्वाचा आहे तो श्वास. हळू स्वर टिकवण्यासाठी हवा कमी लागत असली तरी ती अतिशय स्थिर लागते आणि ओठ सैल पडून चालत नाही. जोरात वाजवताना झाकले जाणारे सारे दोष हळू वाजवताना उघडे पडतात.

एकट्याने वाजवण्याचे म्हणून काही प्रश्न निराळेच आहेत. गायक तासभर गाऊ शकतो, हार्मोनियमवाला दोन तास बसू शकतो. ट्रंपेटवाल्याच्या ओठांचे स्नायू मात्र तसे नाहीत. सलग पंधरा-वीस मिनिटांनंतर त्यांची ताकद ओसरू लागते, स्वर खाली घसरतात, ओठ सुजतात. बँडमध्ये चार ट्रंपेट असतात, दम घ्यायला क्लॅरिनेट असते. एकट्याला दम घ्यायला कोणीच नाही. तेव्हा चार मिनिटे वादन आणि दोन-तीन मिनिटे बोलणे अशी वीण घालावी लागते. ज्येष्ठांच्या सभेत हे बोलणे भरताड ठरत नाही. कित्येकदा कार्यक्रमाचा अर्धा जीव त्यातच असतो. ही चाल कोणाची, चित्रपट कोणता, तो तुम्ही कुठे पाहिला, असा प्रश्न टाकला की कोणी अलका टॉकीजचे नाव घेते, कोणी तंबूतल्या सिनेमाचे. बैलगाडीतून जाऊन पाहिलेला चित्रपट सांगताना माणसाचा आवाजच तरुण होतो. तोवर वादकाचे ओठ ताजेतवाने झालेले असतात.

दुसरा प्रश्न साथीचा. ट्रंपेटमधून एका वेळी एकच स्वर निघतो. नळीच्या लांबीने ठरलेली स्वरांची एक शिडी त्यात निसर्गतःच असते. तुतारीवाला तेवढ्याच पायऱ्यांवर नाचतो. १८१० च्या दशकात जर्मन कारागिरांनी व्हॉल्व्ह शोधले, आणि तीन व्हॉल्व्हच्या योगाने मधल्या साऱ्या पायऱ्या हाती आल्या. तरी स्वराखाली आधार देणारे दुसरे काही लागतेच. हल्ली बहुतेक जण पेन ड्राइव्हवर तयार ट्रॅक घेऊन येतात. शहरी सभागृहात ते चालून जाते. परंतु ज्येष्ठांच्या सभेत श्रोते गाऊ लागतात, आणि ते आपल्या गतीने गातात. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. दुसऱ्या कडव्याला सभा मागे आणि वाद्यवृंद पुढे, असा पेच पडतो व शेवटी लाजून लोक गप्प होतात. त्यापेक्षा तानपुऱ्याचा साधा षड्ज किंवा गावातल्याच भजनी मंडळाची पेटी आणि तबला केव्हाही बरा.

पेटी आली की पट्टीचा प्रश्न आला. नेहमीचे बी-फ्लॅट ट्रंपेट कोणताही व्हॉल्व्ह न दाबता जो सा देते, तो पेटीवरच्या काळी पाचचा. वादकाला बोटे सर्वांत सोयीची तिथेच. भजनी मंडळातील पुरुष मात्र बहुधा काळी एक, काळी दोनच्या आसपास गातात. त्यांच्या पट्टीत जायचे तर ट्रंपेटवाल्याची बोटे अडचणीत येतात. अनेक बँडवाले येथे अडखळतात, कारण त्यांची गाणी ठरावीक पट्टीत पाठ केलेली असतात. शिवाय वयाबरोबर स्त्रियांचा आवाज खाली उतरतो. ज्या आजींनी तरुणपणी जी पट्टी सहज घेतली, ती आता त्यांना जमत नाही. तेव्हा ध्वनिमुद्रिकेतली मूळ पट्टी हट्टाने धरण्यात अर्थ नाही. सभेला दोन ओळी गुणगुणू द्याव्यात, त्यांचा सा ऐकावा आणि मग वाद्य उचलावे. पाच पट्ट्यांत तेच गाणे वाजवता येणे हे या कामाचे खरे भांडवल आहे. तार सप्तकातली करामत नव्हे.

अभंग वाजवताना आणखी एक अडचण येते, ती मींडेची. आपली चाल एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारीत नाही, घसरत जाते. व्हॉल्व्ह अर्धवट दाबून आणि ओठ किंचित सैल सोडून ही घसर काही प्रमाणात आणता येते, पण बासरी-सनईची सहजता तिला नाही. लेबनॉनचे नसीम मालूफ यांनी अरबी संगीतातील सूक्ष्म स्वरांसाठी ट्रंपेटला चौथा व्हॉल्व्ह जोडून घेतला होता. त्यांचे पुत्र इब्राहिम आज ते वाद्य जगभर वाजवतात. आपल्याकडील वादकांनी असा खटाटोप केला नाही. त्यांनी मींड सोडून दिली आणि चालीचा सांगाडा लख्ख उभा केला. आळंदीच्या पंचक्रोशीत ज्यांना शेकडो अभंग मुखोद्गत आहेत, त्या श्रोत्यांना तो सांगाडा पुरतो. बाकीचे ते स्वतः भरतात.

निवड कशाची करावी, यावर आयोजकांत नेहमी वाद होतो. ‘म्हाताऱ्यांना भक्तिगीते’ हे समीकरण तरुण कार्यकर्त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. मानसशास्त्र वेगळे सांगते. माणसाला साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी उतारवयात अधिक ठळकपणे आठवतात, आणि त्या काळात कानावर पडलेले संगीतही. आज पंचाहत्तरीत असलेला गृहस्थ १९७० च्या आगेमागे विशीत होता. त्याच्या कानात ‘तीसरी मंझिल’ (१९६६) मधली पितळी वाद्ये आहेत, ‘पिंजरा’तल्या (१९७२) राम कदमांच्या चाली आहेत, दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१) आहे. नव्वदीतल्या आजी मात्र १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले तेव्हा विशीच्या आसपास होत्या. म्हणजे एकाच सभेत दोन पिढ्या बसलेल्या असतात. सर्वांना ‘ज्येष्ठ’ म्हणून एका माळेत ओवणारा कार्यक्रम दोघांपैकी एका पिढीला परका वाटतो. भक्तिगीते अवश्य असावीत, परंतु लावणीच्या चालीवर एखाद्या ऐंशी वर्षांच्या कारभाऱ्याने मांडीवर ठेका धरला, तर आयोजकांनी संकोचू नये.

स्मृतिभ्रंश झालेल्या श्रोत्यांविषयी थोडी सावधगिरीने बोलावे लागते. नाव, गाव, नाते विसरलेला माणूस जुनी चाल ऐकून ओठ हलवू लागतो, हे अनेक कुटुंबांनी पाहिले आहे. सुरांची स्मृती मेंदूत तुलनेने उशिरापर्यंत टिकते, असे संशोधन सांगते. मात्र त्यावरून संगीताने विस्मृती बरी होते असा अर्थ कोणी काढू नये. उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेनच्या २०१८ मधील अहवालात निष्कर्ष असा होता, की किमान पाच सत्रांच्या संगीतोपचाराने अशा रुग्णांचे नैराश्य बहुधा कमी होते, वागणुकीतील एकूण त्रासही काहीसा सुधारतो. स्मरण आणि आकलन यांवर मात्र फारसा परिणाम दिसत नाही. ‘किमान पाच’ हे शब्द महत्त्वाचे. एक ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनी हारतुरे, एक कार्यक्रम आणि मग पुढच्या एक ऑक्टोबरपर्यंत शांतता, ही आपली रीत त्यात बसत नाही.

एकट्या ट्रंपेटची एक काळी बाजूही आहे. मंद लयीत, दूरवरून आल्यासारखा एकाकी पितळी स्वर ऐकला की सैन्यात नोकरी केलेल्यांना अंत्यसंस्काराच्या वेळचा बिगुल आठवतो. देहूरोडची छावणी आणि दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्यामुळे या भागात माजी सैनिकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची वस्ती आहे. ज्येष्ठांच्या कोणत्याही सभेत अलीकडेच जोडीदार गमावलेले एक-दोघे असतातच. कार्यक्रमाची सुरुवात संथ, करुण चालीने केली तर सभा जी खाली बसते ती वर येत नाही. करुण चाल टाळावी असे नव्हे. कोणी रडले तर ते अपयश मानण्याचेही कारण नाही. पण ती मध्यावर यावी, आणि तिच्यापाठोपाठ सर्वांना गाता येईल असे काही असावे.

जागा आणि वेळ यांबाबत कुरुळीसारख्या गावाचे स्वतःचे असे नियम आहेत. देवळाचा सभामंडप ज्येष्ठांना जवळचा, ओळखीचा आणि पायऱ्या कमी असलेला. पण गुळगुळीत फरशी आणि वर पत्रा असेल तर ट्रंपेटचा प्रत्येक स्वर तीनदा ऐकू येतो आणि श्रवणयंत्र लावलेल्याला काहीच कळत नाही. सतरंज्या, गाद्या, पडदे जे मिळेल ते पसरावे. ध्वनिवर्धक मात्र वादनासाठी लावू नये. तो फक्त बोलण्यासाठी. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात ऐकायची सोय अर्थातच चांगली असेल, परंतु गुडघे धरलेल्या माणसाला महामार्गाची वाहतूक पार करून तेथवर नेणे हाच एक मोठा कार्यक्रम होतो. वेळ दुपारी चारनंतरची आणि अंधार पडण्याआधी संपणारी बरी. येथे कारखान्यांच्या पट्ट्यातली एक खास अडचण उभी राहते. रात्रपाळी करून आलेली मुले भाड्याच्या खोल्यांतून दिवसा झोपलेली असतात. दुपारी तीनला शेजारच्या देवळातून ट्रंपेट घुमले, तर आजोबांचा विरंगुळा नातवाच्या झोपेवर उठतो. म्हणूनही म्यूट हवा. आणि गावात कोणाकडे सुतक असेल, तर वाद्य पेटीतच राहील, ही तयारी ठेवूनच वादकाने गावात पाऊल ठेवावे. तेथे ठरलेल्या तारखेचा आग्रह चालत नाही.

राहता राहिला प्रश्न पैशांचा, आणि तो सर्वांत दुखरा आहे. ज्येष्ठांसमोरचे वादन ही ‘सेवा’, तेव्हा तिचे मानधन कसले, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. गायकाला निदान नारळ आणि शाल तरी मिळते. बँडमधल्या माणसाला बोलावताना तेही अनेकांना सुचत नाही. परदेशात हा प्रश्न कसा सोडवला, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत ध्वनिमुद्रिकांमुळे प्रत्यक्ष वादकांचे काम बुडू लागले तेव्हा त्यांच्या संघटनेने १९४२ ते १९४४ या काळात ध्वनिमुद्रणावरच बहिष्कार टाकला. पुन्हा झालेल्या संघर्षानंतर १९४८ मध्ये एक निधी उभा राहिला. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी त्यात पैसा घालायचा आणि त्यातून वादकांना मानधन देऊन जनतेसाठी विनामूल्य कार्यक्रम करायचे, अशी ती योजना. याच निधीतून पुढे ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रांत एकेकट्या वादकाला पाठवण्याचा उपक्रमही राबवला गेला. इंग्लंडमध्ये पंडित रविशंकर यांचे स्नेही, व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी १९७७ मध्ये इयन स्टुट्झकर यांच्यासह ‘लाइव्ह म्युझिक नाऊ’ ही संस्था स्थापन केली. तरुण वादकांना प्रशिक्षण आणि मानधन देऊन वृद्धाश्रम, रुग्णालये, विशेष शाळा येथे पाठवणे हे तिचे काम. दोन्ही ठिकाणी विचार एकच होता: ऐकणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, पण वाजवणाऱ्याला फुकट राबवायचे नाही.

आपल्याकडे या दोन गरजा एकमेकींच्या अगदी शेजारी उभ्या आहेत. डीजेच्या भिंतींनी ब्रास बँडचे रस्त्यावरचे काम बरेचसे हिरावून घेतले आहे. उरलेले काम लग्नसराईपुरते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुख्य मुहूर्त थांबतात आणि मध्ये येणारे गणपतीचे दहा दिवस सोडले, तर तुळशीच्या लग्नापर्यंत ट्रंपेटवाल्याच्या हाताला काम नसते. नेमक्या त्याच चार महिन्यांत पावसामुळे ज्येष्ठांचे पारावर बसणे, सकाळ-संध्याकाळचे फिरणे बंद पडते आणि ती घरात कोंडली जातात. औद्योगिक पट्ट्यात कंपन्यांचा सामाजिक निधी आहे, महापालिकेची विरंगुळा केंद्रे आहेत, गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. श्रावण-भाद्रपदात पंधरा दिवसांच्या अंतराने पाच दुपारी, पंचेचाळीस मिनिटांचे वादन, रीतसर मानधन आणि शेवटी सर्वांसाठी बिनसाखरेचा चहा, एवढाच खर्च त्याला पुरेल. पहिल्या दुपारी वादकाने नवे काही वाजवूच नये. पेटीवाल्याकडून सा घ्यावा, ट्रंपेटचे तोंड भिंतीकडे वळवावे, आणि सभेला काय ऐकायचे आहे ते आधी विचारावे.